आबांच्या मनगटावरची माझी नाडी

डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. साखर उतरली तर गोळीवर भागेल, नाहीतर रोज पोटात इन्सुलिनची सुई. सुईला मी इतका घाबरतो की कारखान्यात रक्तदान शिबिर असलं की माझी हमखास रजा असायची. त्यामुळे "रोज चाला" म्हटल्यावर मी ताबडतोब हो म्हणालो आणि चालायचं सोडून बाकी सगळं केलं.

निवृत्त होताना कंपनीच्या कृपेने मावळातल्या एका गोल्फ मैदानाचं सभासदत्व माझ्या गळ्यात पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! पाय चालतील, डोकंही शांत होईल." पुण्याच्या मुलीने मनगटी घड्याळ पाठवलं. त्यात पावलं मोजली जातात, नाडी दिसते, फोनही येतो, आणि सगळे आकडे तिकडे तिच्या मोबाइलवर उमटतात.

पहिल्याच दिवशी वलवणच्या घरून गेलो, तर मैदानावर बॅटरीवर चालणारी छोटी गाडी उभी. एका होलपासून, म्हणजे चेंडू घालायच्या खळीपासून, दुसऱ्यापर्यंत बसून जायची सोय. लोकांनी एवढी सोय केल्यावर चालणं मला उद्धटपणाचं वाटलं.

माझे कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी सांभाळणारे आणि हरवलेला चेंडू शोधणारे, पवनानगरकडचे शेतकरी. माझ्याहून चार वर्षांनी थोरले, म्हणून मी त्यांना आबा म्हणायचो. पिशवी गाडीत टाकायचे, पण स्वतः बसायचे नाहीत. "बसलं की कंबर धरतीया." माझा चेंडू सरळ कधी गेलाच नाही, आबा कधी डावीकडच्या करवंदीत, कधी उजवीकडच्या ओढ्यात. त्यांच्या पायांकडे बघता बघता मला कल्पना सुचली. घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं.

"ह्ये कशापायी, साहेब?"

"राहू दे तुमच्याकडे. फटका मारताना टोचतं."

खेळ संपला की परत घ्यायचो. संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, तेरा हजार पावलं! आणि नाडी बासष्ट!"

मी भजी गिळून म्हणालो, "गोल्फचा महिमा."

असे दोन महिने गेले. डॉक्टरांनी आकडे पाहून पाठ थोपटली. फक्त साखर का वाढतेय ते त्यांना कळेना. मीही त्यांच्याबरोबर चिंतेचा चेहरा करून बसलो.

भातकापणीच्या दिवसांत आबा एकदा घाईने निघाले आणि घड्याळ त्यांच्या हातावरच राहिलं. ते थेट खळ्यावर, भाताच्या पेंढ्या झोडायला. इकडे मुलीला दिसलं, नाडी एकशे चाळीस. माझा मोबाइल उचलला जाईना, म्हणून तिने घड्याळावर फोन लावला.

"बाबा! काय होतंय? कुठे आहात?"

"खळ्यावर हाय. झोडणी चाललीया. तुमी कोण, ताई?"

मग तिने आईला फोन केला. बायको म्हणाली, "बाबा? इथे घोरतायत की."

मला उठवण्यात आलं. मुलगी ओरडली असती तर परवडलं असतं. ती रडली. "दोन महिने मी रोज भलत्याच माणसाची नाडी बघून निर्धास्त झोपत होते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "साहेब, तुमची साखर माज्या पायानं कशी उतरंल? दुसऱ्याला जेवाया धाडून आपलं प्वाट भरतंय व्हय?"

एक महिना उरला होता. गाडी सोडली. पहिल्या दिवशी चौथ्या होलशीच मी बसकण मारली. आबांनी पिशवी खाली ठेवलीच नाही. "उटा. आन् चेंडू आता तुमीच हुडकायचा. मला न्हाई दिसत."

चांगला दिसत होता त्यांना.

वाईट खेळण्याचा फायदा मला तेव्हा कळला. चांगला खेळाडू सरळ चालतो. मी नागमोडी, म्हणजे त्याच्या दुप्पट. शिवाय करवंदीत चेंडू शोधताना डोक्यात दुसरं काही मावत नाही. निवृत्तीनंतर मी बायकोवर, पेपरवाल्यावर, टीव्हीवर खेकसत असे, तेही आपोआप कमी झालं. झोप लागू लागली. डॉक्टर हेच तर म्हणाले होते.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर उतरली होती, फार नाही, पण उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "सुई तूर्त नको. पण हे सोडायचं नाही."

मी दवाखान्यातूनच मुलीला फोन केला.

"बाबा, रक्त तुमचंच होतं ना?"

मी कोपरावर चिकटवलेल्या कापसाचा फोटो काढून पाठवला. चेहऱ्यासकट.