आमच्या किनाऱ्यावरची शेवटची सुतेनो

सुतेनो-सानच्या घरी आज सातव्या दिवसाचं पठण झालं. भिक्षूंनी तिचं मेल्यानंतरचं नवं नाव वाचून दाखवलं. नाव मोठं सुंदर, पण ऐकताना ते कुणा परक्या बाईचं वाटत होतं. घरी येऊन अमिदा बुद्धासमोर दिवा लावला, भाताचा नैवेद्य ठेवला, तरी तोंडात तिचं जुनंच नाव.

आमच्या या किनाऱ्यावर एके काळी गल्लीगल्लीत एखादी सुते, एखादी सुतेनो असायची. टाकलेली, असा त्याचा अर्थ. ज्या घरी लेकरं टिकत नसत, तिथलं मूल तिठ्यावर लहानग्यांना राखणाऱ्या जिझोच्या दगडी मूर्तीसमोर सुपात ठेवायचं. आधीच ठरवलेली, पोराबाळांनी भरल्या घरची बाई ते उचलायची, नाव ठेवायची, आणि दारात आणून विचारायची, वाटेत पोर सापडलं, वाढवता का? आणा, वाढवू, असं घरच्यांनी म्हणायचं. मग ते मूल त्या घरचं नाही, संकट दार शोधत आलं तरी त्याला काही सापडत नाही. बापाचं बेचाळिसावं, म्हणजे घातवर्ष, लागताना ज्या तान्ह्याचं दुसरं वर्ष लागतं, त्याचंही असंच करायचं, नाहीतर ते बापाला नेतं म्हणत. आमचे भिक्षू सांगायचे, अमिदावर भरवसा ठेवा, वर्ष कुठलंच वाईट नसतं. आम्ही बायका मान डोलवायचो आणि घरी येऊन सूप धुवायला घ्यायचो.

सुतेनो-सानच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली, म्हणून तिला टाकलं होतं. लहानपणी पोरं तिला चिडवत, तुला परत ठेवून येऊ का तिठ्यावर? हे ती मला हसत सांगायची, पण सांगताना दोन्ही हात बाह्यांत ओढून घ्यायची.

लग्नानंतर फार वर्षांनी तिला मुलगी झाली, शरद ऋतूत. नवरा गेनझो-सान मासेमारीच्या मोठ्या जाळ्यावर कामाला. नवं वर्ष लागलं की त्याचं बेचाळिसावं लागणार आणि, आमच्यात जन्मतःच एक धरतात त्या हिशेबाने, पोरीचं दुसरं. सासू ओइशि-सान दिवस राहिल्यापासूनच हे बोलत होती. त्यामुळे पोरीचं नावच ठेवलं नव्हतं. नाव उचलणारी ठेवणार, तेही ठरलेलं होतं, सुते. घरात सगळे तिला नुसतं 'बाळ' म्हणत. सुतेनो-सान तेही हळू म्हणायची, जणू कुणी ऐकेल.

मी शेजारची नवी सून. वर्षअखेरीच्या मोचीसाठी चिकट भात कुटायला त्या सकाळी त्यांच्याकडे गेले होते. भात चुलीवर वाफत होता. रात्री थोडा बर्फ पडून गेलेला. गेनझो-सानने बाळाला रजईत गुंडाळून सुपात घातलं, तिठ्यावर नेऊन ठेवलं आणि मागे न बघता थेट जाळ्यांच्या खोपटात निघून गेला. सुतेनो-सान दाराच्या आत बसून राहिली. आईने बाहेर पाऊल टाकायचं नसतं. भाताच्या वाफेने घर गरम होतं, पण तिचे दात वाजत होते. मी मनातल्या मनात अमिदाचं नाव घेत भात ढवळत राहिले.

उचलणार होती टोफूवाल्याची बायको, ओनाका-सान. ती आली, पण रिकाम्या हाताने.

"काय गं, अजून ठेवलं नाही होय? मी मेली तिथं थंडीत उभी," ती म्हणाली.

ठेवून कितीतरी वेळ झाला, मी म्हटलं. मग ती गडबडली. घरातून निघताना तिच्या लाकडी चपलेचा पट्टा तुटला होता. सकाळीच पट्टा तुटणं म्हणजे अपशकुन. अशा कामाला तशीच कशी जाणार? म्हणून ती परत फिरली, देवापुढे उदबत्ती लावली, दुसरा जोड घातला आणि मग निघाली. तिच्या जागी मी असते तर मीही परतच फिरले असते. आमच्यातली कुठलीही बाई फिरली असती.

सुतेनो-सान उठली. सासूने तिची बाही धरली. हळू आवाजातच म्हणाली, "तू शोधायला गेलीस तर ती टाकलीच नाही असं होईल. मग माझ्या गेनझोचं काय?"

सुतेनो-सानने बाही सोडवली आणि अनवाणी बाहेर पडली. ओइशि-सान माझ्याकडे बघून म्हणाली, जा गं तिच्यामागे. ती स्वतः उंबऱ्यातच राहिली. मुलगा की नात, हे त्या म्हातारीला त्या उंबऱ्यावर ठरवायचं होतं, आणि तिचे पाय हलेनात.

तिठ्यावर सूपही नव्हतं. कोल्ह्याने ओढलं म्हणावं तर रक्त नाही, रजईचा तुकडा नाही. मग बर्फात गवती चपलांच्या खुणा दिसल्या, धक्क्याकडे गेलेल्या. तेवढ्यात खालून आगबोटीची शिट्टी झाली. ती बोट खाडीपलीकडे शहराला जाते. सुतेनो-सान पळत सुटली. उतारावर दोनदा पडली. तिच्या तोंडून हाक निघत होती, पण हाकेत नाव नव्हतं. नुसता 'बाळा' असा फाटलेला आवाज. तो मला अजून ऐकू येतो.

धक्क्यावर सुया-फण्या विकणारी एक फिरती बाई उभी होती. गाठोडं पाठीवर, सूप काखेत, बाळ तिच्या जाड कोटाच्या आत, फक्त केस दिसत होते. शेजारी तिकिटं फाडणारा माणूस. त्याने तिला सांगितलं होतं, पलीकडे पोलिसांकडे दे, ते अनाथाश्रमात पोचवतील.

"ती माझी आहे," सुतेनो-सान म्हणाली. मोठ्याने म्हणाली. टाकलेलं मूल आईने आपलं म्हटलं की टाकणं मोडलं; मी गेनझो-सानसाठी मनात अमिदाचं नाव घेतलं.

तिकिटवाला तिला वरून खाली बघत राहिला. अनवाणी, केस सुटलेले, गुडघ्याला चिखल. "तुझी? मग नाव सांग पोरीचं."

सुते हे नाव उचलणारीने ठेवायचं, तोवर ते पोरीचं नव्हतंच.

"बाई, मांजराच्या पिल्लालाही नाव असतं. आधी टाकायचं, मग रडत यायचं? का दुसऱ्याचंच उचलायला आलीस?"

मी मधे पडायला गेले, पण न ठेवलेलं नाव मी तरी कसं सांगणार? बोट दोर सोडायला लागली. त्या बाईचा एक पाय फळीवर. सुतेनो-सान नुसती हात पुढे करून उभी, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

फळीवरून ती बाईच वळली. "पोरीचं नाही, तर तुझं नाव काय?"

"सुतेनो."

बाईने फळीवरचा पाय मागे घेतला. "माझ्या मावशीचं नाव सुते होतं," ती तिकिटवाल्याला म्हणाली. "तुम्ही तुमची बोट सोडा."

तिचं नाव ताकि. खाडीपलीकडच्या खेड्यातली विधवा. तिने बाळ लगेच दिलं नाही. सुतेनो-सानला समोर उभं केलं आणि विचारलं, "वाटेत पोर सापडलं. वाढवशील का?"

सुतेनो-सानला शब्द आठवेनात. शेवटी कसंबसं म्हणाली, "द्या. वाढवते."

"मग नाव मी ठेवणार. मला मूलबाळ नाही, ही माझी पहिली. म्हणून हात्सुए म्हण तिला. टाकलेली एक पुरे झाली."

घरी आलो तर ओइशि-सान उंबऱ्यातच, आणि चुलीवरचा भात करपलेला. नातीला बघून ती रडली. पण नाव ऐकलं आणि तिचं तोंड उतरलं. पहिली? असलं उजळ नाव दारात दिवा लावून संकटाला बोलावतं. आणि सून धक्क्यावर काय बोलली, ते तिकिटवाल्याकडून संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं.

ते वर्ष त्या घराने कसं काढलं ते मी शेजारून पाहिलं. वारा जरा वाढला की सासू सुनेकडे बघायची. सुतेनो-सान बाळाला पाठीला बांधून किनाऱ्यावर जायची आणि होड्या दिसेपर्यंत हलायची नाही. एकदा मला म्हणाली, "तो आला नाही, तर मीच त्याला नेलं असं होईल. पण तिथे पुन्हा उभी राहिले तर पुन्हा तेच बोलेन. याचीच मला भीती वाटते." गेनझो-सान प्रत्येक वेळी परत आला. तो त्याच्या म्हातारपणी, अंथरुणात गेला. तरी ओइशि-सान मरेपर्यंत हात्सुएला नावाने हाक मारताना आधी इकडे तिकडे बघायची.

पुढे काही वर्षांनी ओनाका-सानचीच सून सुतेनो-सानकडे आली. तिच्या बाळाला उचलायला भरल्या घरची बाई हवी होती. तोवर सुतेनो-सानची आणखी तीन झाली होती. तिने हो म्हटलं, पण अट घातली, नाव मी ठरवेन, आणि सुते ठेवणार नाही. मी सोबत गेले. बाळ यायच्या कितीतरी आधी ती तिठ्यावर जाऊन उभी होती. बाप सूप घेऊन आला, तर हिने ते जमिनीला टेकूच दिलं नाही. खालून हात लावून तसंच उचलून घेतलं. तो बिचारा गोंधळला, म्हणाला, मावशी, खाली तरी ठेवू द्या, नाहीतर टाकलं कसं म्हणायचं?

"तू मागे वळ आणि जा," ती म्हणाली. सुपाची दुसरी बाजू मी धरली.

त्यानंतर आमच्याकडे मुलं उचलायला तिलाच बोलावत. तिने नावं ठेवली ती सगळी साधी. आमच्या गावात त्यानंतर सुतेनो कुणी झाली नाही.