अपिलात न गेलेला निकाल

गोड शिऱ्याचा आणि अमेरिकेतल्या कोर्टांचा संबंध जोडणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात बारा साध्यासुध्या माणसांच्या ज्यूरीने एखाद्या तेल किंवा वीज कंपनीला अवाढव्य भरपाई द्यायला लावली, की इकडे सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये मामा कढईत रवा टाकत. रक्कम जितकी डोळे फिरवणारी, तितकं तूप सढळ. पण असे निकाल अपिलात जातात, आणि वरचे न्यायाधीश कधी रक्कम छाटतात, कधी निकालच गुंडाळून ठेवतात. तसं झालं की मामा दिवसभर उपास करत, आणि उपासाचं म्हणून साबुदाण्यालाही हात लावत नसत. कंपन्यांचे वकील चिवट असल्यामुळे शिऱ्यापेक्षा उपासच जास्त घडायचे. "ह्यांचं वजन अमेरिकेतल्या वकिलांच्या हातात आहे गं," असं मामी माझ्या बायकोला सांगायच्या.

मामांनी उभा जन्म तेलवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला होता आणि निवृत्तीनंतर ते सिंगापुरातच राहिले. इथे ज्यूरी नाही, भारतातही ती कधीच मोडीत निघाली, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मग ते स्वतःच ज्यूरी निवडत फिरत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पिता पिता शेजारच्या टेबलावरची माणसं न्याहाळून "हे चालतील, ती बाई नको, तिने आधीच मत बनवलंय" असं पुटपुटत. बिशानला माझ्या मित्राकडे सत्यनारायण होता. तिथे यजमानांच्या सासऱ्यांच्या हातावर प्रसाद पडतो न पडतो तोच मामांनी विचारलं, "तुमच्याकडे तेल कंपनीचे शेअर्स आहेत का हो?" ते बिचारे कौतुकाने म्हणाले, "आहेत थोडे." "मग तुम्ही बाद," म्हणून मामा पुढच्या पाहुण्याकडे वळले. मी तर पहिल्याच दिवशी बाद झालो होतो. मी इथल्या एका गॅस कंपनीची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळतो. आमच्या लग्नाच्या बैठकीत मामांनी एवढंच मत दिलं होतं, "मुलगा उत्तम आहे, पण ज्यूरीत चालायचा नाही."

आम्ही हसायचो. मग त्यांचा खोकला थांबेना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात ॲस्बेस्टॉस आहे. जुन्या जहाजांवर वाफेच्या पाइपांना त्याचं जाड वेष्टण असे. दुरुस्तीच्या वेळी ते हातांनी सोलून काढायचं, आणि गिरणीत उडतो तसा पांढरा धुरळा सगळ्यांच्या नाकातोंडात जायचा. तो किती वाईट हे मालक कंपनीला ठाऊक होतं, जहाजावर मात्र कोणी कळवलं नव्हतं. मामांच्या हाताखालचा दापोलीकडचा एक फिटर याच दुखण्याने फार पूर्वी गेला होता. दावा लावावा म्हणून मामा इथल्या एका वकिलाकडे जाऊन आले आणि जिना चढल्यासारखे धापा टाकत सोफ्यावर बसले. "जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या, करार तिसऱ्या, आणि कंपनी तर केव्हाच विकली गेली," ते म्हणाले. "खोकला तेवढा आमचा." त्या दिवशी त्यांनी उपास केला.

त्या वर्षीच्या गणपतीत आरती संपल्यावर मामांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि फर्मावलं की कोणी उठायचं नाही. पाहुण्यांतून आणि बोलावून आणलेल्या शेजाऱ्यांतून त्यांनी बारा जण निवडले. खालच्या मजल्यावरचे, शिपयार्डमधून निवृत्त झालेले मलय वंशाचे काका त्यांचे प्रमुख झाले. "कंपनीच्या बाजूनेही कोणी बोललं पाहिजे," मामा म्हणाले. "जावईबापू, तुम्ही त्यांचंच खाता. उभे राहा."

खटला सगळ्यांना कळावा म्हणून इंग्रजीत चालला. मामांनी धुरळ्याचं आणि त्यात गेलेल्या फिटरचं सगळं सांगितलं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाची उलटतपासणी काय घेणार? मी काहीतरी गुळमुळीत विचारलं तर ते मराठीत माझ्यावर खेकसले, "असं लेचंपेचं नको! निकाल अपिलात टिकणार नाही." मलाही राग आला, आणि कंपनीच्या कुठल्याही वकिलाने विचारला असता तो प्रश्न मी विचारला. त्या फिटरला पाइप सोलायला कोणी पाठवलं?

"मी," मामा म्हणाले.

मामींच्या हातातलं मोदकांचं ताट तसंच राहिलं. "तो म्हणाला होता, साहेब, मास्क द्या. स्टोअरमध्ये मास्क नव्हते. बंदर लागेपर्यंत थांबता आलं असतं, पण वरून घाई होती. मी म्हटलं, तोंडाला रुमाल बांध." ते ज्यूरीकडे वळले. "अमेरिकेत ज्यूरी दोषाची वाटणी करते. कंपनीचा वाटा मला माहीत आहे. माझा किती, ते सांगा."

इतकी वर्षं हा माणूस त्या निकालांमध्ये काय शोधत होता, ते मला तेव्हा कळलं. मी विचारायला नको होतं असं वाटलं, आणि त्यांनी मला उभं केलं होतं ते याचसाठी, हेही लक्षात आलं.

ज्यूरी आतल्या खोलीत गेली. बाहेर ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर चालू होती. दार उघडलं तेव्हा मलय काकांचे डोळे लाल होते. "कंपनी मस्ट पे," ते इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाले. "बट अंकल, यू सेंड हिम. सो यू आल्सो गॉट शेअर. वी कॅनॉट से डोन्ट हॅव."

मामांनी मान हलवली. "हाउ मच?"

"स्मॉल वन." काकांनी त्या नळीकडे पाहिलं. "बट यू पेइंग ऑलरेडी, लाह."

मामांनी हात जोडले. मग मामींना म्हणाले, "रवा काढ."

"अहो, मोदक आहेत की."

"मोदक गणपतीचे. शिरा निकालाचा."

उभं राहण्याचं त्राण नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात खुर्ची नेऊन दिली. रवा मामींनी भाजला, तूप मात्र मामांनी स्वतः सोडलं, आणि नेहमीपेक्षा पुष्कळच कमी सोडलं.

दिवाळीच्या आधीच ते गेले. अजूनही सकाळी एमआरटीच्या मेट्रोत फोनवर तसली एखादी बातमी दिसली की मी मामींना कळवतो, आणि त्या शिरा करून खालच्या काकांकडे वाटी पाठवतात. उपास आता कोणी करत नाही. तिकडचे मोठमोठे निकाल अपिलात जाऊन छाटले जातातच. सेम्बावांगचा तो निकाल मात्र जसाच्या तसा उभा आहे, कारण कंपनीचा वकील मी होतो, आणि मला अपील करायचं नव्हतं.