मधल्या चोराची बायको

रंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरते. ती काढून टाकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. किस्स्यांचं तसंच आहे. अंबाजोगाईच्या आर्ट फेअरहून आल्यापासून रोज कुणीतरी अडवतं, "पेंटर, तिथलं सांगा की," आणि एक सांगितला की खालून दुसरा निघतो. मला आता तोंडानं सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पण माझ्यासारखं अक्षर घाटनांदुरात कुणाचं नाही. चुका ज्याला काढायच्या त्यानं काढाव्या.

आधी मी तिथं गेलतो कावून, ते सांगतो. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पन्नास वर्षं मी दुकानांचे बोर्ड रंगवले. मान कायम पत्र्यात. वर आभाळ आहे हे मला माझ्या बायकोनं, सोजरनं दाखवलं. ती मेंढपाळाच्या घरची. लहानपणी बापाबरोबर मेंढरामागं हिंडलेली, रानात झोपलेली, त्यामुळं आभाळ तिला गल्लीसारखं पाठ. शिकलेले ज्याला सप्तर्षी म्हणतात, ते सात चांदण्यांचं म्हातारीचं बाजलं. चार त्याचे खूर आणि ते चोरायला आलेले तीन चोर. मधल्या चोराला खेटून एक बारीक चांदणी असते, नजर चांगली असंल त्यालाच दिसते. सोजरच्या माहेरी तिला चोराची बायको म्हणतात.

आमच्या लग्नात भटजी म्हणाले, "नवरदेव, नवरीला अरुंधती दाखवा." मला काय ठाऊक अरुंधती! मी आपलं बोट वर केलं. हिनं शालूतून हात काढला, माझं बोट धरलं आणि जरासं सरकवलं. "तिथं हाय. चोराची बायकू," म्हणाली. भटजींनीसुद्धा मान वर करून बघितलं.

गेल्या उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर आम्ही अंगणात बसलो होतो. ती म्हणाली, "आज आभाळ भरून आलंय का वं? एकबी चांदणी न्हाई."

आभाळ लख्ख होतं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याची शीर सुकली. ऑपरेशन करून उपयोग नाही. भरपूर उजेडात मोठी वस्तू थोडीफार दिसंल, तेवढंच. मग मी पत्र्यावर आभाळ काढायला घेतलं. आठ बाय चारचा पत्रा, काळा रंग, आणि बोराएवढी एकेक चांदणी. पहिला बाजल्याचा झाला, मग चंद्र झाला, शनी झाला, असे सात पत्रे झाले. पण घरात उजेड कुठला? एक बल्ब, तोबी लाइट असली तर.

तेवढ्यात कॉलेजातले ड्रॉइंगचे गित्ते सर आले. आर्ट फेअरसाठी त्यांना माझ्याकडून वीस पाट्या रंगवून घ्यायच्या होत्या, "कृपया चित्रांना हात लावू नये." त्यांनी भिंतीला टेकवलेले पत्रे बघितले आणि पाट्यांचं विसरूनच गेले.

"काका, हे घेऊन या. स्टॉल देतो. वर फोकस लावणार आहोत."

"किती पावरचे?"

"डोळे दिपतील एवढे."

मी लगेच हो म्हणालो. सरांना वाटलं, मला कलाकार व्हायची हौस आली.

सोजर म्हणाली, "शेळ्या कोण बघंल? मी शेवटच्या दिशी येते. तेबी जमलं तर."

✱

पत्रे न्यायला खाजामियाँचा टेम्पो होता. खाजा माझा चौथीपर्यंतचा दोस्त. तो पाचवीला गेला, म्हणून अजून स्वतःला शिकलेला समजतो. वाटेत एकानं टेम्पोवरचा चंद्र बघून हात केला.

"खाजाभाई, कुणाच्या दुकानाचा बोर्ड हाय बे हा?"

"दुकान न्हाई," खाजा म्हणाला. "पेंटरनं बायकूसाठी आभाळ उतरवून घेतलंय. भाडं मी करायलोय."

मी म्हणालो, गाडी हाक गपगुमान.

✱

माझ्या शेजारी पुण्याच्या एका पोरीचा स्टॉल होता, रेवती नावाची. तिचंबी आभाळच होतं, पण नुसतं निळं. चांदणी नाही, ढग नाही. माझ्या पत्र्यांवर खाली ठळक अक्षरात "चंद्र", "शनी", "म्हातारीचं बाजलं" असं लिहिलेलं, पिवळं अक्षर आणि लाल सावली.

ती म्हणाली, "काका, चित्राखाली एवढं मोठं नाव कशाला?"

"नाव न लिहिता बोर्ड देतेत का कुणी?"

तिच्या चित्राखाली चिठ्ठी होती, "शीर्षकहीन". मला लई वाईट वाटलं. एवढी शिकलेली पोरगी आणि नाव सुचलं नाही. ती चहाला गेली तेवढ्यात मी एका पुठ्ठ्यावर रंगवलं, "निळं आभाळ. प्रो. प्रा. रेवतीताई." आणि तिच्या चित्राखाली टेकवून ठेवलं.

आल्यावर तिनं पुठ्ठा वाचला. मला वाटलं, आता भांडती. तिनं चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली आणि पुठ्ठा तीन दिवस तसाच ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "प्रोप्रायटर मीच."

✱

शनीनं तर वैताग आणला. पहिल्याच दिवशी दुपारी नेकनूरकडची एक बाई आली, चप्पल बाहेर काढली, रुईच्या पानांची माळ माझ्या पत्र्याला घातली आणि पिशवीतनं बाटली काढून वरून तेल सोडलं.

मी ओरडलो, "बाई, हे चित्र हाय."

"आसू द्या. त्याला काय कळतंय?"

तिचं बघून दुसरी आली. संध्याकाळपर्यंत शनीखाली तेलाचं डबकं झालं आणि त्यात गित्ते सर घसरले. उठून बसले आणि मला म्हणाले, "काका, हात लावू नये लिहिलं. तेल लावू नये असं लिहायचं राहिलं."

✱

उद्घाटनाला एक पुढारी आले होते, नाव घेत नाही. माझ्या एका पत्र्यावर चंद्रावर उभं राहून पृथ्वी कशी दिसंल ते काढलं होतं. पुढारी थांबले म्हणून मागची पन्नास माणसंबी थांबली.

"यात आपला जिल्हा कुठंय?"

मी ब्रशच्या दांडीनं एक जागा दाखवली. खरं सांगायचं तर अंदाजानंच.

"लई बारीक दिसायलाय. थोडा मोठा करा की."

"साहेब, तुमी चंद्रावरनं बघायलाव."

"तरीबी," साहेब म्हणाले.

✱

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच दिवशी धर्मापुरीचे एक रिटायर मास्तर आले. बाजल्याच्या चित्रापुढं चष्मा खालीवर केला आणि म्हणाले, "पेंटर, या चांदण्या अशा कवायतीला कावून उभ्या केल्यात?"

बघतो तर खरंच. मी सवयीनं खडूचा दोरा ताणून रेघ मारली होती आणि अक्षरं बसवावी तशा सातीच्या साती चांदण्या सारख्या अंतरावर बसवल्या होत्या. वर चार, खाली तीन. पन्नास वर्षांत अक्षर वाकडं गेलं नाही, मग चांदणी कशी जाईल?

मास्तरांना म्हणालो, मग खरी कशी असते ते काढून द्या. त्यांनी कागदावर पतंगासारखं काहीतरी काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. म्हणाले, "पुस्तकात बघावं लागंल."

सोजरला हे असं दाखवलं असतं तर? तिचं पाठ असलेलं आभाळ, आणि मी त्याचा किराणा दुकानाचा बोर्ड केलेला. खाजाच्या मोबाइलवरनं तिला फोन लावला.

"सोजर, बाजलं कसं असतंय गं?"

"आता इचारताव? काढल्यावर?"

"सांग की."

"आपली बाज आठवा. उशाकडं रुंद हाय, पायताकडं आवळत गेलीय. तुमीच विणली तशी. बरूबर तसंच वर हाय. चोर पायताकडनं येतेत."

"एका रेघंत?"

"रेघंत चालणारा चोर बघितलाव का कुठं? वाकून वाकून येतेत."

रात्री स्टॉल बंद व्हायच्या आत लोखंडी पत्तीनं सगळ्या चांदण्या खरवडल्या, काळ्या रंगाचा हात मारला. सकाळी रंग घट्ट कालवून नव्या दिल्या, चांगल्या फुगीर. दोरा खिशातनं काढलासुद्धा नाही. पहिल्यांदाच बिगर रेघेचं काम करत होतो.

✱

दुसऱ्या दिवशी एका ढाबेवाल्याला तेच चित्र पसंत पडलं. "काउंटरच्या मागं लावतो," म्हणाला.

"न्हाई द्यायचं. त्याचं गिऱ्हाईक ठरलंय."

"मग नेलं कावून न्हाई?"

"अजून पुरं न्हाई ते."

माझ्या उस्तादांची शिकवण आहे. बोर्डाची शेवटची मात्रा कारखान्यात ओढायची नाही, गिऱ्हाइकाला समोर उभं करून ओढायची. तोवर बोर्ड आपला, मात्रा पडली की त्याचा. बाजल्यात मी चोराची बायको काढलीच नव्हती. तेवढीच जागा काळी ठेवली होती.

ढाबेवाला म्हणाला, "आसं कोण मोठं गिऱ्हाईक हाय? कुठंय ते?"

मी म्हणालो, "शेळ्या राखायलंय."

✱

तिसऱ्या दिवशी चार वाजता खाजाचा टेम्पो आला. पुढं सोजर, मागं एक गाभण शेळी. "हिचे दिवस भरलेत, एकटी कशी सोडू?" शेळी रेवतीच्या स्टॉलच्या खांबाला बांधली.

सोजरला हाताला धरून बाजल्यापुढं उभं केलं आणि गित्ते सरांना म्हणालो, "लावा सगळे फोकस."

लावले. तीन दिवस एकेकच लागत होता. ऑइलपेंट तो, सगळ्यांचा उजेड पडल्याबरोबर सगळा पत्रा पांढराफेक चमकला. मलाच काही दिसंना. सोजरनं डोळ्यांवर पदर धरला.

"काय दिसतंय का?" मी विचारलं.

"उजेड लई चांगला हाय," ती म्हणाली.

पन्नास वर्षं ऑइलपेंटमध्ये काढली आणि एवढं डोक्यात आलं नाही. ज्या फोकससाठी हा सगळा खटाटोप, त्यानंच घात केला. रेवतीनं उठून फोकस बंद केले.

सोजर तिथंच उभी. मग दोन पावलं पुढं गेली आणि हात लांब केला. बोटं पत्र्याला टेकली. एका फुगीर चांदणीवर थांबली, तिथनं दुसरीवर गेली.

"ह्यो उशाकडचा खूर," ती म्हणाली. "ह्यो दुसरा."

गित्ते सर पुढं आले, "आजी, चित्रांना..."

मी माझ्याच हातानं रंगवलेली पाटी उचलली आणि तोंड भिंतीकडं करून ठेवली. सर माघारी गेले.

तिची बोटं पायताकडं आली. "जमलंय की. हितं आवळलंय." मग पहिला चोर सापडला. मग मधला. त्याच्याभोवती बोट फिरत राहिलं. एकदा, दोनदा.

"आन् ह्याची बायकू कुठंय? मधल्याची?"

"ती तुझ्यासमोर काढायची ठेवलीय," मी म्हणालो.

सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पांढऱ्यात बुडवला. टेकवायला गेलो, तर सोजरनं चाचपत माझं मनगट धरलं आणि जरासं सरकवलं.

"तिथं हाय," म्हणाली.