शेजारच्या पलंगावरचा प्रश्न

कागदात गुंडाळलेल्या छोट्या साबणाचा वास आला की मला दक्षिणेकडच्या नुंगंबाक्कममधलं ते स्वस्तातलं हॉटेल आठवतं. इंटर्नशिपची एकच जागा होती आणि मुलाखतीसाठी कॉलेजने मला आणि वर्गातल्या एका मुलीला तिथे एकाच खोलीत उतरवलं होतं. सकाळी खालून सांबाराचा वास येत होता, एसी खडखडत होता, आणि ती पलंगावर मांडी घालून व्हिडिओ कॉलवर वडिलांकडून तयारी करून घेत होती. "शेवटी म्हणतील, तुला काही विचारायचंय का? नाही म्हणू नकोस, पिल्लू. पहिल्या महिन्यात माझं काम नीट चाललंय हे मला कसं कळेल, असं विचार." मी आरशासमोर वेणी घालत होते. माझ्या बाबांनी नुकताच फोन करून विचारलं होतं, "खाल्लंस का बाळा?" मुलाखतीत आपणही प्रश्न विचारायचा असतो, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मला तिचा इतका हेवा वाटला की वेणी दोनदा विस्कटली. माझा नंबर आधी लागला आणि शेवटी मी तिचा प्रश्न शब्दशः विचारला. नंतर ती आत जाऊन आली. "अगं, मी प्रश्न विचारला तर दोघी मॅडम हसल्याच. काय चुकलं असेल?" मी म्हटलं, "काय माहीत." निवड माझी झाली. आता धाकट्या भावाला मी तोच प्रश्न शिकवते. "ताई, तुला कुणी सांगितलं हे?" त्याने परवा विचारलं. "एका मैत्रिणीच्या पप्पांनी," मी म्हटलं. तो म्हणाला, "चांगले आहेत गं ते."