न ऐकता दिलेला होकार

सर्दी असताना विमानात बसू नका, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला त्यांचाच संशय आला. सायनसचं दुखणं माझ्यासोबत तीस वर्षांपासून आहे. धुळ्याला, देवपुरात, कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या धुळीत माझी नोकरी झाली. त्या धुळीने जे दिलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. पण मुलीकडे हैदराबादला असताना फोन आला की रावेरकडच्या गावी भाऊ, म्हणजे माझे थोरले भाऊ, आता दोन दिवसांचे सोबती आहेत. रेल्वेने वेळेत पोहोचले नसते. शेवटी डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. विमान उतरायच्या अर्धा तास आधी मारा, उतरताना झोपू नका, सारखं काहीतरी गिळत राहा. इतक्या सूचना ज्या औषधाला लागतात त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं मनात म्हणत मी तो अर्धाच मारला.

विमान जळगावला खाली येऊ लागलं तसं भुवयांच्या वर कोणीतरी खिळा ठोकावा तसं दुखायला लागलं. शेजारी धरणगावचे एक कापसाचे व्यापारी होते.

"ताई, नाक दाबी धरा नि हळू फुंका. कान मोकळा व्हई जाई."

त्यांनी बडीशेपेची पुडी पुढे केली. अनोळखी माणसाच्या हातचं कशाला खा, म्हणून मी नको म्हटलं. नाक मात्र धरलं आणि जोरात फुंकलं. आत काहीतरी घट्ट बसलं आणि दोन्ही कान बंद झाले.

भाऊंचा मुलगा, माझा भाचा, गाडी घेऊन आला होता. वाटभर तो बोलत होता आणि मला केळीच्या बागा दिसत होत्या, एवढंच. तब्येतीचं बोलत असेल म्हणून मी मान हलवत राहिले.

भाऊंची खाट पुढच्या खोलीत होती. उशाशी वहिनी, पायथ्याशी भाचा, दारात भाऊबंद. वहिनींनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, ते ओठांवरून कळलं, "ओळखलं का? कोण आलं?" भाऊ हसले. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांचे ओठ हलले. चार-पाच शब्द असावेत. शेवटी भुवया वर गेल्या, म्हणजे प्रश्न होता.

आमच्या घरात मोठ्यांना "काय?" म्हणून पुन्हा बोलायला लावायची रीत नव्हती. लहानपणी त्यावरून मी मार खाल्ला आहे. मी म्हणाले, "हो भाऊ."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मी कशाला हो म्हटलं, हे मला कळेना. आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. मरणाऱ्या माणसाला न ऐकताच शब्द दिला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

कान बंद असले की सगळी माणसं कुजबुजतात. सांत्वनाला आलेली मंडळी ओट्यावर बोलत असत. मी दारात आले की त्यांचे चेहरे माझ्याकडे वळत. माझी खाट चुलीच्या धुरापासून लांब, मागच्या खोलीत टाकली होती. भाच्याची बायको सकाळ-संध्याकाळ ओवा टाकलेल्या पाण्याची वाफ आणून देई. एरवी एवढी बडदास्त कधी झाली नव्हती. आणि दिवसातून दोनदा कोणीतरी मोठ्याने, माझ्या तोंडासमोर येऊन विचारी, "आत्या, परतीचं तिकीट कधीचं?"

तिसऱ्या दिवशी मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. भाच्याने मागे एकदा, चाचरत, हक्कसोडपत्राचा विषय काढला होता. शेतातला बहिणीचा हिस्सा सोडल्याची सही. मी "बघू" म्हटलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं. भाऊंनी तेच विचारलं असणार. चार माणसांच्या देखत माझा होकार घेतला. आता हे लोक माझ्या जाण्याआधी सही उरकायच्या बेतात आहेत. मेलेल्या भावाचा राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी बॅग भरली. वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्या जवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या,

"त्याहीले हो म्हटलं ना तुम्ही? मंग निघता कश्या?"

"वहिनी, मला ऐकू नव्हतं आलं. कान बंद होते."

"म्हंजे न ऐकताच हो म्हटलं?"

"काय विचारलं होतं त्यांनी?"

त्या खाटेवर बसल्या. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गंधमुक्तीलोक ऱ्हाशील ना, असं विचारलं."

वडिलांच्या वेळी कॉलेजच्या परीक्षा सांगून मी तिसऱ्या दिवशी धुळ्याला परतले होते. कपाळाला गंध लागून सुतक सुटेपर्यंत भाऊ एकटेच सगळं करत राहिले. त्यावर ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

मी बॅगेतून साड्या बाहेर काढल्या. पण वहिनींच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांना बोलायला एवढा वेळ का लागला? उशाशी त्या एकट्याच होत्या. बाईने चांगुलपणाने कागदाचं नाव टाळलं असेल. किंवा मी राहावं असं तिलाच वाटत असेल. दुसरा साक्षीदार नव्हता. भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, आवाज इतका खोल होता की त्याला काहीच कळलं नाही.

मी राहिले. सगळे विधी झाले, पाहुण्यांना गंध लागलं, मांडव उतरला. कान तोवर अर्धेमुर्धे उघडले होते. भाऊंनी दोन्हींतलं काहीही विचारलं असो, माझा होकार खरा ठरायला हवा होता. निघायच्या दिवशी सकाळी मी भाच्याला म्हटलं, "तो हक्कसोडीचा कागद तयार करून घे. मी सही करून जाते."

त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"आत्या," तो म्हणाला, "तुम्हाला कोणी काही बोललं का?"