खोक्यावरचा पडदा

घरातली पोरं तिला कोंबडीआत्या म्हणत, कारण प्रयोगशाळेत ती अंड्यातल्या पिल्लाच्या डोळ्याचा पडदा चिमट्याने सोडवून बशीत वाढवायची. पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारं रसायन कोणतं आणि तो निरोप झेलणारा रेणू पेशीवर कधी तयार होतो, हे शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

आज ती धाकट्या भावाकडे जेवायला आली, तर तो आपल्या लेकीच्या डोळ्यांत थेंब घालत होता.

“वाढीचं रसायन आहे, ताई. चष्मा जातो म्हणे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, काय वाढणार, ते तरी विचारलंस का? आत झेलणारं कुणी नसेल तर सगळं पाण्यात. आणि असलं, तर नको तिथे रक्तवाहिन्या माजून माणूस आंधळा होतो! सख्खी बहीण यातच केस पांढरे करून बसलीय. तिला विचारलं असतंस तर जीभ झिजली असती?”

“चिडू नकोस गं. हा बघ, पुरावा छापलाय.” त्याने खोकं पुढे केलं.

खोक्यावर हिरव्या जाळीसारखा पडदा चमकत होता. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या थेंबांची किमया’. डाव्या कोपऱ्यातला ओरखडा बघून ती थिजलीच. तो तिच्याच चिमट्याचा होता.

“चोर मेले! माझ्या शोधनिबंधातला फोटो उचललाय. अरे, चोरायचा तर त्याखालची माझी ओळ तरी वाचायची! ही बशी नुसती तुलनेसाठी ठेवली होती. हिच्यात आम्ही रसायनाचा थेंबसुद्धा घातला नव्हता!”