पाच फूट तीन इंचांची डिकी

मी मुंबईला आले ती आंब्याच्या पेट्यांवर आडवी होऊन. बारावी झाली होती. मुलुंडच्या आत्याने कळवलं होतं की नोकरी करून कॉलेज करता येईल, लगेच पाठवा. मे महिन्यात एसटीला जागा मिळेना, म्हणून वाडीतल्या एका टेम्पोतून माझी रवानगी झाली. खाली पेट्या, त्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर गोधडी, गोधडीवर मी.

आई टेम्पोच्या फळीला धरून उभी होती. "झोपान जा गो," ती म्हणाली. "बसान गेलंस तर घाटात ओकशीत." मग तिने मला यादी वाचायला लावली. तिने सांगितलेली, मी लिहिलेली. चौदा वस्तू. टेम्पो सुरू झाल्यावर तिने पंधरावी वस्तू वर दिली, लोणच्याची चिनी मातीची बरणी, आणि ओरडून सांगितलं, "रिकामी झाली की परत धाड!" ती ओळ मी पेटीवर कागद ठेवून लिहिली, म्हणून वाकडी आहे. चौदा ओळींसमोर टिक आहे. पंधराव्या ओळीसमोर चौतीस वर्षं नाही. बरणी माझ्या स्वयंपाकघरात आहे, तिच्यात मी खडेमीठ ठेवते.

वाडीत राहिलेल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं निघून ठाण्यापासून दुबईपर्यंत पसरलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. गेलं वर्षभर तुम्ही फोनवर मला एकच विचारता, आईला कधी पाठवतेस? जणू ती कुरिअर आहे आणि मी पत्ता लिहायची विसरलेय. तर एकदाच, क्रमाने सांगते.

मागच्या वर्षी आई खळ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलुंडला आणून ऑपरेशन केलं. "महिनाभर" म्हणून आलेली आई अकरा महिने राहिली. चालायला लागली, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत, मग गॅलरीपर्यंत. रोज सकाळी चहाआधी एकच वाक्य, "माका घराक जावचा आसा." डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला आणायचं, आणि प्रवासात सलग तासाभरापेक्षा जास्त बसवायचं नाही. गाव दहा-बारा तासांवर. करा हिशोब.

ट्रेनचं कोणी सुचवू नका. आमचं स्टेशन घरापासून किती लांब आहे, डब्याची पायरी किती उंच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ॲम्ब्युलन्सचा विषय मी काढला होता. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ॲम्ब्युलन्सीतून गेलंय तर वाडीतली माणसां लाकडां फोडूक लागतली." विषय संपला.

म्हणजे गाडी हवी, आपली, मागे आडवं होता येईल अशी. माझा नवरा सुहास म्हणाला, जुन्यात पूर्वी लांब डिकीच्या गाड्या यायच्या, इस्टेट म्हणतात त्यांना. अडीच लाखांत बसेल. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. वही काढली, रकाने पाडले: मागची सीट सपाट पडते का, गंज, टायर, पासिंग कधीपर्यंत, आणि सर्वांत वर, डिकीची लांबी. मी पाच-एक. आई माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे पाच-तीन. लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या. माझे बाबा सुतार होते. ते म्हणायचे, "आधी मोज, मग बोल." पर्समध्ये टेप ठेवली.

घाटकोपरच्या पहिल्याच एजंटला फोनवर म्हटलं, "इस्टेट दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, वन बीएचके पाहिजे की टू?"

तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पुढचे चार महिने माझे सगळे रविवार या कामात गेले. एक गोष्ट शिकले. मुंबईतली प्रत्येक जुनी गाडी एका डॉक्टरने वापरलेली असते. त्याने ती फक्त घर ते क्लिनिक चालवलेली असते. या शहरात इतके डॉक्टर असतील तर आमच्या दवाखान्यात दोन तास नंबर का लागत नाही, हे मी अंधेरीच्या एका माणसाला विचारलं. त्याच्या जाहिरातीतली गाडी फोटोत लांब होती, कारण फोटो बंपरला नाक लावून काढला होता. प्रत्यक्षात डिकीत एक कुकर मावला असता. बोरिवलीची गाडी लांबीला बरोबर होती. मी खालचं मॅटिंग उचललं तर रस्ता दिसला. मालक म्हणाला, "व्हेंटिलेशन आहे ना."

आणि सिलेंडर! लांब डिकीची गाडी शोधायची, टेप लावायची, मागचं दार उघडायचं, की आत सीएनजीचा सिलेंडर आडवा. निम्मी डिकी त्याची. घाटकोपरच्या जिग्नेशभाईंना, म्हणजे त्या वन बीएचकेवाल्यांनाच, मी म्हटलं, "अहो, इथे माझी आई झोपणार आहे. सिलेंडरला उशी लावू का?"

"अरे मॅडम, सिलेंडर आहे म्हणून तर गाडी परवडते," ते म्हणाले. "मासींना पुढे बसवा ना, एकदम झकास, एसीची हवा तोंडावर."

त्यांच्याकडेच एक बिनसिलेंडरची होती. चंदेरी, तेरा वर्षांची. विक्रोळीचा आमचा मिस्त्री खाली शिरून आला आणि म्हणाला, "ताई, बॉडी स्वच्छ आहे, आवाजही चांगला आहे, डोळे मिटून घ्या." मी डोळे उघडे ठेवून टेप लावली. पाच फूट. तीन इंच कमी. वहीत फुली.

"अगं, तीन इंचांनी काय होतंय?" सुहास म्हणाला. "पाय जरा दुमडतील."

"दहा तास? ऑपरेशन झालेला पाय?"

"तू गाडी घेतेयस की मापाचा ब्लाउज शिवतेयस?"

मी त्याच्याशी मुलुंड येईपर्यंत बोलले नाही. अशा आणखी दोन गाड्या मी फुली मारून सोडल्या, एक चार-अकरा, एक पाच-एक. वही माझी बरोबर होती. जग आखूड होतं.

मग एप्रिलअखेर गावाहून दादाचा, माझ्या भावाचा, फोन आला. त्याने आईसाठी पुढची खोली काढली होती, कमोड बसवला होता. "रतांबे पिकाक लागले," तो म्हणाला. "आयेक कधी घेवन येतंस?" फोन स्पीकरवर होता. रतांबे फोडून, मीठ लावून, उन्हात वाळवून आमसुलं करणं हे आईचं काम. आमच्या घरात ते दुसऱ्या कोणी केलेलं तिला चालत नाही. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चहाआधीचं वाक्यसुद्धा बोलली नाही. अकरा महिने त्या वाक्याने माझं डोकं उठवलं होतं, आणि ते थांबलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. रतांबे कोणासाठी थांबत नाहीत, आणि पावसाआधी ती पोचली नाही तर पुढच्या उन्हाळ्याचं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

रविवारी जिग्नेशभाईंचा फोन, "मॅडम, पाच-चार आली, पक्की." आईला एक्स-रेसाठी त्याच रस्त्याला न्यायचं होतं, म्हणून तिलाही रिक्षातून नेलं. पाच-चार खरीच होती. फक्त एकदा पुरात बुडून गेलेली होती. सीटखाली चिखल होता आणि वास झाकायला आत अगरबत्ती लावलेली. मी जिग्नेशभाईंना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. दहा मिनिटं आमचं तेच चाललं होतं.

"गो," मागून आईचा आवाज आला. "माका बसवना नाय आता. मी हय आडवी होतंय."

वळून पाहिलं तर ती त्या चंदेरी गाडीपाशी वॉकर धरून उभी. गाडी अजून विकली गेली नव्हती. मागचं दार उघडं होतं, सीट दुमडलेली. सुहासने तिला धरून टेकवलं, पाय उचलून आत घेतले. ती आडवी झाली. डोकं पुढच्या सीटच्या पाठीशी, पाय सरळ. आणि दार आणि टाचा यांच्यामध्ये जागा होती.

"पाय पसरूक जागा आसा," आई छताकडे बघत म्हणाली. "हीच घे. ह्या माणसाक ओरडा नको, बिचारो घामान भिजलो."

"मासी टेस्ट ड्राइव्ह झोपून घेतात," जिग्नेशभाई म्हणाले. "मॅडम, बघा, एक वीत उरली!"

मी पर्समधून टेप काढली. आईच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली. चार फूट पाच... नाही, पुन्हा धरली. चार फूट पाच. पाठीला आलेला बाक आडवं होऊनही सरळ झाला नव्हता. गाड्या मोजल्या होत्या, दारं मोजली होती, सोसायटीची पार्किंगची रेघ मोजली होती. आईला मोजलं नव्हतं. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आई टेम्पोच्या फळीला धरून उभी होती, चौतीस वर्षांपूर्वी. तिचंच माप मी वहीत लिहून बसले होते. अकरा महिने तिला रोज उठवलं, न्हाऊ घातलं, तिचा गाऊन आखूड करून शिवला, तोही स्वतःच्या हाताने, आणि तरी पाच-तीन.

"काय झालां?" आईने विचारलं.

"काही नाही. बसतेस तू यात."

"माका दिसता मां तां."

गाडी घेतली. मिस्त्रीने गादीवरून दोन पट्टे बसवून दिले. निघायच्या सकाळी आईला आडवं केलं, मी दुमडलेल्या सीटशेजारच्या अर्ध्या सीटवर बसणार होते. तिच्या पायाशी ती एक वीत जागा होती. तिथे मी धुऊन, पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून बरणी ठेवली. यादी पर्समध्ये होती. पेनही.

"ह्यां काय?"

"बरणी. तूच म्हणाली होतीस, रिकामी झाली की परत धाड."

आईने टॉवेल बाजूला करून बघितलं. कडेचा टवका बोटाने चाचपला. "वर नेवन ठेव," ती म्हणाली. "ही पण नेलंय तर माका परत येवक निमित्त काय?"

मी बरणी हातात घेऊन पार्किंगमध्ये उभी. सुहासने हॉर्न दिला, "अगं चल ना, टोलला लाईन लागेल."

गावाकडच्यांनो, आईला घेऊन आले, तुम्ही आता विचारणं थांबवा. ऑगस्टमध्ये मी तिला परत न्यायला येणार आहे. "घराक" म्हणजे कुठे, हे आता तुम्हीच तिला विचारा. मी विचारलं नाही. मी लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले, बरणी ओट्यावर होती तिथे ठेवली, खाली आले, आईशेजारी बसले. पंधरावी ओळ तशीच आहे. आता तशीच ठेवणार आहे.

ऐरोलीच्या पुलावर मला वाटलं आईला झोप लागली. डोळे मिटलेले होते.

"गो, मीठ परत भरलंस मां तेच्यात?"

"भरलं," मी म्हटलं. "आता झोपान जा."